आठवा हेन्री आणि त्याचे पार्लमेंट

इंग्लंडच्या पार्लमेंटचा महिमा सांगावयाचा झाला म्हणजे आपल्याकडील लेखक बहुधा पहिल्या चार्ल्सच्या शिरच्छेदापासून आरंभ करतात. राजा उन्मत्त झाला, प्रजेच्या प्रतिनिधींनी त्याला जाब विचारला, आणि १६४९ च्या जानेवारीत भर लंडनमध्ये त्याचे मस्तक उतरविले गेले, असे ते कथानक आहे. कथानक खोटे नाही. परंतु ते मधूनच सुरू होते. राजाला जाब विचारण्याइतके बळ त्या सभेच्या अंगी आले कोठून, हा प्रश्न त्यात तसाच राहून जातो. त्याचे उत्तर शोधीत शंभर वर्षे मागे गेल्यास आपण ज्या पुरुषापाशी येऊन थांबतो तो लोकसत्तेचा कैवारी मुळीच नव्हता. इंग्लंडच्या गादीवर जे हट्टी, संशयी आणि निर्दय राजे होऊन गेले त्यांत त्याची गणना पहिल्या पंक्तीत करावी लागेल. आठव्या हेन्रीने पार्लमेंटला आपल्या हातचे हत्यार केले. परंतु ते चालविताना त्याने त्या सभेच्या हाती अशा काही गोष्टी दिल्या की, त्या पुन्हा काढून घेणे पुढील कोणाही राजाला साधले नाही.

त्या काळचे पार्लमेंट ही आजच्यासारखी नित्य चालणारी संस्था नव्हती, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. राजाला गरज पडली म्हणजे त्याची आज्ञापत्रे सुटत. सभासद वेस्टमिन्स्टरला जमत. राजाचे काम आटोपले की ते घोडी जोडून आपापल्या गावी परत जात. वर्षानुवर्षे पार्लमेंट भरले नाही तरी कोणास त्याचे नवल वाटत नसे. सभा दोन होत्या. उमरावांच्या सभेत सुमारे पन्नास सरदार, एकवीस बिशप आणि तीसच्या आसपास मोठमोठ्या मठांचे अधिपती बसत. म्हणजे त्या सभेत धर्मपीठांची संख्या खड्गधारी सरदारांपेक्षा अधिक भरे. कॉमन्स सभेत सुमारे तीनशे सभासद असत. प्रत्येक परगण्यातून दोन, आणि बाकीचे नगरांतून आलेले. परगण्याच्या निवडणुकीत मत देण्याचा अधिकार वार्षिक चाळीस शिलिंग उत्पन्नाची जमीन असणाऱ्यालाच होता. कर मंजूर करणे आणि कायदे करणे ही या दोन्ही सभांची कामे. मात्र धर्माचा प्रांत त्यांच्या कक्षेबाहेरचा मानला जाई. विवाह, मृत्युपत्रे, पाखंड यांचे निवाडे चर्चच्या न्यायासनांपुढे होत आणि त्यांवरील अखेरचे अपील थेट रोमला पोपकडे जाई.

हेन्री १५०९ साली गादीवर आला. पहिली वीस वर्षे त्याला पार्लमेंटचे फारसे प्रेम नव्हते. १५१५ पासून राज्याचा सारा कारभार कार्डिनल वुल्झीच्या हाती होता आणि त्या चौदा वर्षांत पार्लमेंट अवघे एकदाच, १५२३ साली, भरले. फ्रान्सवरील स्वारीसाठी वुल्झीने आठ लाख पौंडांची मागणी केली आणि सभासद काचकूच करतात असे दिसताच तो स्वतः लवाजम्यासह कॉमन्स सभेत जाऊन बसला. त्याने एकेकाला प्रश्न विचारले. सारे मूग गिळून बसले. तेव्हा सभापती टॉमस मोर याने गुडघे टेकून नम्रपणे निवेदन केले की, परक्यासमोर वाद न करण्याची या सभेची जुनी रीत आहे. कर अखेर मिळाला, पण मागितला तेवढा नव्हे. दोनच वर्षांनी वुल्झीने पार्लमेंटला वगळून ‘प्रेमाची देणगी’ या गोंडस नावाने पट्टी बसविण्याचा घाट घातला. सफकमधील लॅव्हनमच्या बाजूचे विणकर हजारोंनी उठले, आणि राजाला ती पट्टी मागे घ्यावी लागली. आपणास तिची वार्ताच नव्हती असे हेन्रीने जाहीर केले. राजांना अशा प्रसंगी वार्ता नसतेच! परंतु संमतीवाचून या देशात पैसा निघत नाही, एवढा बोध त्याला पक्का झाला असावा.

पुढील प्रकरण सर्वश्रुत आहे. कॅथरीन राणीला पुत्र नव्हता; मेरी नावाची एक कन्या मात्र होती. कॅथरीन ही हेन्रीच्या मृत भावाची विधवा, तेव्हा हा विवाह मुळातच अवैध होता असे त्याच्या मनाने घेतले. आणि ॲन बुलिनवर त्याचे मन जडल्यामुळे ही धर्मशंका अधिकच तीव्र झाली. विवाह रद्द करण्याचा अधिकार पोपचा. परंतु १५२७ साली सम्राट पाचव्या चार्ल्सच्या सैन्याने रोम लुटले होते आणि सम्राट हा कॅथरीनचा भाचा. पोप सातवा क्लेमेंट ‘हो’ म्हणेना आणि ‘नाही’ही म्हणेना. वुल्झीला हे काम साधले नाही म्हणून त्याचे पद गेले, आणि १५२९ च्या नोव्हेंबरच्या ३ तारखेस पार्लमेंट भरले. ते विसर्जित झाले १५३६ च्या एप्रिलमध्ये. एकच पार्लमेंट साडेसहा वर्षांच्या आसपास पुनःपुन्हा बोलाविले जावे, असे इंग्लंडात पूर्वी कधी घडले नव्हते.

येथे एक प्रश्न उभा राहतो. सेना राजाची, न्यायाधीश राजाचे, बिशप भेदरलेले. मग हेन्रीने नुसत्या आपल्या फर्मानानेच पोपची सत्ता का झुगारली नाही? याचे उत्तर इंग्लंडच्या न्यायपद्धतीत आहे. राजाच्या जाहीरनाम्याने नवा देहान्ताचा गुन्हा निर्माण करता येत नसे. कोणाची वडिलोपार्जित जमीन खालसा करता येत नसे. त्यासाठी राजा, उमराव आणि कॉमन्स या तिघांच्या संमतीचा कायदा लागे. तसा कायदा झाला म्हणजे मात्र देशातील प्रत्येक न्यायाधीश त्याला मान तुकवी. राजाचा नवा मंत्री टॉमस क्रॉमवेल याने हे मर्म ओळखले. हा लोहाराचा मुलगा वकिली करून वर आलेला, १५२९ च्या कॉमन्स सभेत टॉन्टन नगराचा प्रतिनिधी म्हणून स्वतः बसलेला. सभेची नाडी त्याला वुल्झीपेक्षा कितीतरी अधिक कळत होती. धर्मसत्तेशी लढण्यास त्याने मसुदे आणि कलमे ही शस्त्रे निवडली.

तथापि ही सभा राजाच्या नुसत्या होकाराला होकार भरणारी होती, असा समज करून घेणे चुकीचे ठरेल. १५३२ साली नव्या बिशपांनी रोमला पाठवावयाचा नजराणा बंद करण्याचे विधेयक आले, तेव्हा उमरावांच्या सभेतील बिशपांनी विरोध केला आणि कॉमन्स सभेतही चलबिचल झाली. राजा जातीने तेथे आला आणि ज्यांना राजाचे कल्याण हवे त्यांनी एका बाजूस, नको त्यांनी दुसऱ्या बाजूस उभे राहावे, अशी त्याने आज्ञा केली. कॉमन्स सभेत मोजून मत घेतल्याच्या ज्या अगदी जुन्या नोंदी आहेत त्यांपैकी ही एक. प्रत्यक्ष राजा डोळे वटारून उभा असताना ‘नको’च्या बाजूस काही माणसे तरीही गेली, हे विशेष! त्याच वर्षी टेम्स नावाच्या एका सभासदाने भर सभेत सुचविले की, राजाने कॅथरीन राणीला पुन्हा आपल्या सहवासात घ्यावे, अशी सभेने त्याला विनंती करावी. राजा संतापला, त्याने सभापतीला बोलावून समज दिली, परंतु टेम्सचे मस्तक धडावरच राहिले. पुढील वर्षी रोमकडील अपिले बंद करण्याचा कायदा आला. इंग्लंडचे राज्य हे कोणत्याही परक्या सत्तेखाली नसलेले स्वयंपूर्ण साम्राज्य आहे, असे त्याच्या प्रस्तावनेत उद्घोषिले होते. सभासदांना मात्र भीती वाटली ती लोकरीची. पोपने इतर ख्रिस्ती राजांना चिथावून आपल्या लोकरीची खरेदी थांबविली तर काय, असा त्यांचा रोकडा सवाल होता.

१५३४ साली राजा हाच इंग्लंडच्या चर्चचा सर्वश्रेष्ठ अधिपती होय, असा कायदा झाला आणि त्याचे ते पद नाकारणे, नुसत्या शब्दाने का होईना, राजद्रोह ठरले. या विधेयकावर चर्चा झाली तेव्हा कॉमन्स सभेने ‘दुष्ट हेतूने’ हे पद त्यात आग्रहाने घालून घेतले, असे सांगतात. त्या एका पदाने आपल्या मानेभोवतीचा फास थोडा सैल राहील अशी त्यांना आशा होती. न्यायालयात ते पद निरुपयोगी ठरले.

ते निरुपयोगी ठरले हे ज्यांच्या खटल्यांत दिसून आले त्यांपैकी एक होता टॉमस मोर. वुल्झीपुढे गुडघे टेकणारा तो सभापती पुढे लॉर्ड चान्सलर झाला होता आणि धर्मगुरूंनी राजापुढे मान तुकविल्याच्या दुसऱ्याच दिवशी, १५३२ च्या मे महिन्यात, त्याने ते पद सोडले होते. नव्या कायद्याची शपथ घेण्यास नकार दिल्यामुळे तो टॉवरमध्ये बंदिवान होता. तेथे १५३५ च्या जूनमध्ये सरकारी वकील रिचर्ड रिच त्याची पुस्तके काढून नेण्यासाठी आला आणि बोलता बोलता दोघांत एक संवाद घडला. रिचने विचारले, पार्लमेंटने मला राजा केले तर तुम्ही मला राजा मानाल ना? मोर म्हणाला, मानीन. पण पार्लमेंटने असा कायदा केला की देव हा देवच नव्हे, तर तुम्ही ते मानाल का? रिच म्हणाला, तसा कायदा होऊच शकत नाही. मग मधलेच उदाहरण घेऊ, पार्लमेंटने राजाला चर्चचा अधिपती केले आहे, ते तुम्ही का मानीत नाही? यावर मोरने पार्लमेंटचा तो अधिकारच नाकारला, अशी साक्ष रिचने न्यायालयात दिली. मोरने ती साक्ष खोटी ठरविली आणि रिचच्या लौकिकाविषयी चार कडक शब्दही सुनावले. परंतु दोषी ठरल्यावर त्याने आपले मन मोकळे केले. एका राज्याच्या सभेने केलेला कायदा समस्त ख्रिस्ती जगताच्या धर्माविरुद्ध बांधून घेऊ शकत नाही, असे त्याचे म्हणणे होते. ६ जुलै १५३५ रोजी त्याचा शिरच्छेद झाला.

त्या कोठडीतील संवाद आम्हांस या सबंध कालखंडाचे मर्म वाटतो. वाद राजाच्या लहरीचा राहिला नव्हता. माणसांनी भरविलेल्या सभेच्या ठरावाला सीमा आहे की नाही, हा तो वाद होता. मोरच्या मते सीमा होती आणि ती कोठे आहे हे त्याने बोट ठेवून दाखविले. रिचने सीमा मानली नाही असे नव्हे. त्याने ती सोयीनुसार पुढे सरकविली.

पाठोपाठ मठांची पाळी आली. १५३५ साली क्रॉमवेलने चर्चच्या यच्चयावत मिळकतीची मोजदाद करविली आणि मठांतील अनाचाराच्या शोधार्थ तपासनीस धाडले. त्यांना जे शोधावयास पाठविले होते तेच सापडले, हे सांगणे नलगे. १५३६ च्या आरंभी ज्यांचे वार्षिक उत्पन्न २०० पौंडांहून कमी असे सारे मठ बंद करण्याचा कायदा पार्लमेंटने केला. लहान मठांत दुराचार माजला असून मोठ्या मठांत धर्म नीट चालतो, असे कायद्यातच लिहिले होते. दुराचार २०० पौंडांच्या रेषेवर येऊन अचूक थांबतो, ही मौजेची गोष्ट!

या मठांच्या जमिनी म्हणजे काय, हे आपल्या वाचकांना निराळे सांगावयास नको. नंदादीपासाठी, नैवेद्यासाठी, वर्षासनासाठी पूर्वजांनी देवाच्या नावे लावून दिलेले शेत कसे असते आणि ते हातचे गेले म्हणजे देवळाची काय अवस्था होते, हे सोळाव्या शतकात ज्यांची कुलदैवते नदीपार न्यावी लागली त्या घराण्यांना पिढीजात ठाऊक आहे. इंग्लंडातही शेकडो वर्षे दात्यांनी आपल्या आत्म्यासाठी नित्य प्रार्थना व्हावी म्हणून जमिनी दिल्या होत्या. मृत दात्याची इच्छा मोठी की जिवंत सभेचा ठराव मोठा, याचा निर्णय १५३६ मध्ये लागला. जप्त जमिनींचा कारभार पाहण्यास नवी कचेरी निघाली आणि तिचा पहिला प्रमुख कोण झाला? तोच रिचर्ड रिच.

उत्तरेकडील लोकांना हे सोसवले नाही. १५३६ च्या ऑक्टोबरात लिंकनशर आणि यॉर्कशरमध्ये उठाव झाले. ख्रिस्ताच्या पाच जखमांचे निशाण घेऊन, रॉबर्ट आस्क नावाच्या वकिलाच्या नेतृत्वाखाली सुमारे तीस हजार लोक जमले आणि आपल्या बंडाला त्यांनी ‘कृपेची यात्रा’ असे नाव दिले. त्यांनी डिसेंबरमध्ये पाँटिफ्रॅक्ट येथे ज्या मागण्या लिहून काढल्या त्या वाचण्यासारख्या आहेत. मठ परत द्या, हे त्यांत आहेच. पण त्याबरोबर यॉर्क किंवा नॉटिंगहॅम येथे लवकरच पार्लमेंट भरवा आणि सभासदांच्या निवडणुकीची पद्धत सुधारा, असेही त्यांत आहे. पार्लमेंटने केलेला कायदा फक्त पार्लमेंटच मोडू शकते, ही गोष्ट बंडखोरांनीही मान्य केली होती! पार्लमेंट भरविण्याचे वचन देऊन राजाच्या सरदाराने त्यांना घरी पाठविले. पार्लमेंट भरले नाही. पुढील वर्षी आस्कला यॉर्क येथे फाशी देण्यात आले.

मोठे मठ मग एकामागून एक ‘स्वखुशीने’ राजाच्या स्वाधीन झाले आणि १५३९ च्या पार्लमेंटने त्या स्वाधीनतेवर शिक्कामोर्तब केले. उमरावांच्या सभेत त्या वेळीही मठाधिपती बसत होते. ज्यांनी मान तुकविली नाही त्यांची गत ग्लॅस्टनबरीच्या वृद्ध रिचर्ड व्हाइटिंगसारखी झाली. इंग्लंडातील अत्यंत संपन्न मठांपैकी एकाच्या या अधिपतीला १५ नोव्हेंबर १५३९ रोजी मठासमोरील टेकडीवर नेऊन फासावर लटकविले. १५४० च्या मार्चमध्ये वॉल्टमचा शेवटचा मठ बंद झाला. चार वर्षांत सुमारे आठशे मठ नाहीसे झाले. छपरांचे शिसे वितळविले गेले, घंटा विकल्या गेल्या. उमरावांच्या सभेतील मठाधिपतींच्या जागा रिकाम्या झाल्या आणि तेथे प्रथमच गृहस्थ सरदारांचे बहुमत झाले.

ही सारी भूमी हेन्रीने राखून ठेवली असती तर इंग्लंडचा इतिहास निराळा झाला असता. तिचे उत्पन्न राजाच्या नेहमीच्या उत्पन्नाच्या तोडीचे होते. एवढे कायम उत्पन्न हाती असलेल्या राजाला पट्टी मागण्यासाठी कॉमन्स सभेच्या दारी जावे लागले नसते. परंतु हेन्रीला युद्धाची हौस होती. सहा नवी बिशपपीठे आणि केंब्रिजचे ट्रिनिटी कॉलेज यांना थोडा वाटा मिळाला. बाकीची जमीन स्कॉटलंड आणि फ्रान्सवरील स्वाऱ्यांसाठी विकली जाऊ लागली. १५४७ च्या जानेवारीत तो वारला तोवर तिचा बहुतांश, सुमारे दोन तृतीयांश, राजाच्या हातून निघून गेला होता. तो विकत घेणारे कोण? सरदार, दरबारी, व्यापारी आणि परगण्यांतील जमीनदार. म्हणजे जे पार्लमेंटमध्ये बसत तेच, किंवा त्यांचे भाऊबंद. शिवाय १५४०, १५४३ आणि १५४५ साली राजाला पट्ट्या मागाव्या लागल्याच.

क्रॉमवेलचा शेवट त्याच्याच यंत्राने केला. न्यायालयात चौकशी न करता पार्लमेंटच्या कायद्याने एखाद्याला द्रोही ठरवून मारण्याची युक्ती त्याने इतरांवर चालविली होती. १५४० च्या जुलैत तीच त्याच्यावर चालली. सभेने याबद्दल हळहळ व्यक्त केल्याचे दिसत नाही. स्वतःच्या मालमत्तेचा प्रश्न आला की मात्र सभासद जागे होत. १५३९ साली राजाच्या जाहीरनाम्यांना कायद्याचे बळ देणारे विधेयक आले, तेव्हा या जाहीरनाम्यांनी कोणाचा प्राण, वतन वा मालमत्ता घेता येणार नाही, अशी मर्यादा त्यात बसली.

हेन्रीला स्वतःला या सभेपासून आपली सत्ता उणावते असे कधी वाटलेच नाही. १५४२ साली जॉर्ज फेरर्स या सभासदाला कर्जाच्या जामीनकीपायी लंडनमध्ये अटक झाली. सभेने आपला दंडधारी पाठविला, त्याला धक्काबुक्की झाली, तेव्हा सभेने शहराच्या शेरीफांनाच कैदेत टाकले. राजाने सभेची पाठ राखली आणि न्यायाधीशांसमक्ष सांगितले की, आपण मस्तक आणि तुम्ही अवयव असे एकत्र येऊन जेव्हा पार्लमेंट बनते, तेव्हाच आपले राजपद सर्वांत उंच असते. फेरर्स हा राजाचाच सेवक असल्यामुळे हे औदार्य त्याला जड गेले नसावे. परंतु ते शब्द सभेने जतन करून ठेवले.

१५५३ साली कॅथरीनची कन्या मेरी राणी झाली. बापाने केलेले सारे उलटविण्याचा तिचा निर्धार होता, आणि ते उलटविण्यासाठी तिलाही पार्लमेंटच बोलवावे लागले. १५५४ च्या नोव्हेंबरच्या ३० तारखेस पोपचा प्रतिनिधी कार्डिनल पोल याने गुडघे टेकलेल्या दोन्ही सभांना पापमुक्त केले आणि इंग्लंड पुन्हा रोमच्या छत्राखाली आले. हेन्रीचे पोपविरोधी कायदे रद्द झाले. मात्र त्याच रद्द करणाऱ्या कायद्यात मठांच्या जमिनी ज्यांनी विकत घेतल्या त्यांच्याकडेच त्या राहतील, असे कलम होते. आणि पोपलाही त्यास संमती द्यावी लागली. सभासदांनी देव परत घेतला. देवाची जमीन परत दिली नाही.

राणीने आपल्या अधिकारातील मिळकतीतून थोडे मठ पुन्हा उभे केले. त्यांत १५५६ साली वेस्टमिन्स्टरचा मठ होता. त्याचा अधिपती जॉन फेकनम उमरावांच्या सभेत एकटाच मठाधिपती म्हणून बसू लागला. दोन वर्षांनी मेरी वारली आणि ॲन बुलिनची कन्या एलिझाबेथ गादीवर आली. १५५९ च्या पार्लमेंटमध्ये धर्म पुन्हा बदलण्याची विधेयके आली, तेव्हा फेकनमने त्यांविरुद्ध भाषण केले. नव्या उपासनेचे विधेयक उमरावांच्या सभेत अवघ्या तीन मतांनी संमत झाले. त्या उन्हाळ्यात वेस्टमिन्स्टरचा मठ पुन्हा बंद झाला. फेकनमच्या उरलेल्या आयुष्यातील बहुतेक काळ कैदेत किंवा नजरकैदेत गेला आणि १५८४ साली विस्बिच येथे तो वारला. त्याच्यानंतर त्या सभेत कोणी मठाधिपती बसला नाही.